हातखाली आँटी

आँटीला टाळ्यांचं वावडं होतं. काही लोकांना वांगं खाल्लं की खाज सुटते, तसं आँटीला टाळ्या ऐकल्या की व्हायचं. आणि मी तर टाळ्यांवर वाढलेला पोरगा. पारशिवनीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल खुद्द हेडमास्तरांसमोर केली होती मी. त्यानंतर गणितात किती पडले हे मला कोणी विचारलंच नाही.

आमची पारशिवनीची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, एवढीशी, की सगळे जण उपासनेला आले तरी मागचे बाक रिकामेच राहतात. त्यातून आम्हा पोरांना दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला युवक शिबिराला पाठवायचे. मिशन कंपाउंडमध्ये शिबिर, तिथंच झोपणं, तिथंच जेवणं. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची होती. माझा नंबर आला तसा मी एसटीचा कंडक्टर केला. "आमडी फाटा, आमडी फाटा, उतरा लवकर, अबे बाई उतरली, पोरगं राहिलं ना गाडीत." मग आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना केली. आमेन जवळ आलं की त्यांना खोकला येतो आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शेवटी हॉलमधला घरघरणारा पंखा केला. टाळ्यांनी हॉल फुटला. मी वाकून नमस्कार करतच होतो, तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "हात खाली."

मला वाटलं पोलीस आले.

बारीक अंगाची, कॉटनची साडी, हाताला कोपरापर्यंत कागदाचा लगदा लागलेला, अशी एक म्हातारी बाई उभी होती. "हात खाली घ्या सगळ्यांनी. अन् तू, पारशिवनी, वाकू नको. अजून काही झालं नाही." मग तिनं शिबिराचा नियम सांगितला. इथं गाणं होवो, नाटक होवो, टाळी कोणी वाजवायची नाही. "टाळी वाजवली की माणसाले वाटते आपलं काम झालं. मंग तो घरी जाते अन् जेवते."

मी शेजारच्याला हळूच म्हणालो, "जेवायचं तर आपल्यालेही आहे बे."

"तुले उशिरा भेटन," आँटी म्हणाली. खरंच मला वाढायला लावलं आणि सगळ्यांच्या शेवटी बसवलं. तिचे कान असे होते.

ती मिशनच्याच एका शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाली होती. कंपाउंडच्या समोरच्या लाइनीत, पेरूच्या झाडाजवळ तिची खोली. नवरा फार पूर्वी वारला, लेकरू नव्हतं. शिबिराची सगळी मांडणी तिची. सकाळी प्रार्थना आणि गाणी, दुपारी वस्तीत जाऊन कोणावर काय अन्याय होऊन राहिला ते पाहून यायचं, संध्याकाळी त्याचे मुखवटे बनवायचे आणि नाटक बसवायचं. माझ्या आईला वाटायचं, पोरगं देवाच्या वाटेला लागायला गेलं. पोरगं बादलीत लगदा कालवत बसलेलं असायचं.

त्या लगद्यात ती मेथीची पूड टाकायची, कीड लागू नये म्हणून. रात्री उशीवर डोकं ठेवलं तरी हाताला मेथीचा वास. पण खरा छळ त्याच्या आधीचा. जुने पेपर फाडून भिजवायचे, आणि आँटी प्रत्येक तुकडा वाचल्याशिवाय बादलीत जाऊ द्यायची नाही. "थांब गा, हे वाचू दे." आम्ही आपले हात वर करून उभे. मग ती विचारायची, "ह्या बाईचं पुढं काय झालं, कोणाले माहीत आहे का?" कोणालाच माहीत नसायचं. "पहा. पेपरवाल्यालेही माहीत नाही." आणि मगच तुकडा पाण्यात. एक मुखवटा व्हायला अख्खा दिवस जायचा.

वस्तीत पाठवताना तिची ताकीद असायची. मोबाइल काढायचा नाही, लिहून घ्यायचं नाही, उगाच डोळे पुसायचे नाहीत. एका माणसाकडे नीट पाहायचं आणि परत आल्यावर तो माणूस उठतो कसा, बसतो कसा ते करून दाखवायचं. मी एका चपला शिवणाऱ्या काकाचा आवाज हुबेहूब काढून दाखवला. पोरं लोळली. आँटीनं चष्मा पुसला.

"आवाज कोणीही काढते. पोपटही काढते. त्याची पाठ कुठं दुखते ते दाखव."

"आँटी, पाठ दिसत नाही ना. शर्ट होता त्याच्या अंगावर."

"मंग तू पाहिलंच नाही त्याले. जा परत."

गेलो परत. दुपारभर त्या काकाच्या मागे बसून राहिलो. तो शेवटी कंटाळून म्हणाला, "काय पाहिजे गा तुले? चप्पल तर तुही चांगली हाय." पण त्या दिवशी मला कळलं की माणूस वाकतो तेव्हा आधी श्वास थांबवतो. नकला मी तोवर शेकड्यांनी केल्या होत्या, माणूस पहिल्यांदा त्या दिवशी केला.

तिची नक्कल तर मी करायचोच. पदर खोचून, मान पुढे काढून, "हात खाली". एकदा ती मागे येऊन उभी राहिली तरी माझं चालूच. पोरांचे चेहरे पडले तेव्हा कळलं. आँटी काही रागावली नाही. माझा खांदा धरून म्हणाली, "उजवा खाली घे. फळ्यावर चित्रं काढून काढून माहा उजवा उतरला आहे. डावा चांगला आहे अजून." आणि उभी राहून पूर्ण नक्कल करून घेतली, शिंप्यानं माप घ्यावं तशी.

असं दर दिवाळीला चालायचं. मी कॉलेजात गेलो तरी शिबिर सोडलं नाही. ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी आँटी म्हणाली, "यंदा कंपाउंडच्या बाहेर जायचं नाही. इथंच पाहा." आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील, आमच्या मागे येववत नसेल. इथं काय पाहायचं? चर्च, हॉल, पेरूचं झाड.

आणि मागची लाइन.

कंपाउंडच्या मागच्या भिंतीला लागून कौलारू खोल्यांची एक ओळ होती. स्वयंपाकीण, माळी, ड्रायव्हर अशा पिढ्यान्‌पिढ्या मिशनचं काम करणाऱ्यांची घरं. शिबिराचा स्वयंपाक करणारी सुमनमावशी तिथंच राहायची. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं आम्ही, पण ती कुठून येते आणि कुठं जाते ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी तिच्या दारात बसलो तेव्हा तिनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं. चर्चच्या कमिटीला मागची लाइन पाडायची आहे. तिथं लॉन करायचं, लग्नासाठी भाड्यानं द्यायचं. नागपुरात लॉनला मरण नाही. खोल्या नाताळाआधी खाली करा म्हणून तोंडी निरोप आला होता.

"तुमचा काही हक्क असन ना मावशी," मी म्हणालो.

"माह्या सासूले कोण्या गोऱ्या मॅडमनं सांगतलं होतं, तू जिती हायस तोवर राय. मॅडम गेली तिच्या देशात. सासू मेली. आता विचारता कोणाले?" तिनं सुपातला खडा फेकला. "सरका जरा, उजेड येऊ द्या."

शिबिर संपायच्या शनिवारी आमचं नाटक, त्याला पालक आणि कमिटी येणार. रविवारी उपासनेनंतर लॉनचा ठराव मंडळीसमोर. म्हणजे सुमनमावशीचं घर राहायचं का जायचं, ते त्या दोन दिवसांत ठरणार होतं. आँटीनं शिबिराच्या तारखा कशा धरल्या होत्या ते आम्हाला तेव्हा समजलं.

कमिटीचे सेक्रेटरीसाहेब काही राक्षस नव्हते, हे सांगितलं पाहिजे. ते आँटीचे विद्यार्थी. तिला अजून "मॅडम" म्हणायचे. शाळेत काढलेलं एक चित्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. आजारी माणसाच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचायचे. आमच्या शिबिराला हॉल मिळायचा तो त्यांच्याच शब्दावर. त्यांना मनापासून वाटत होतं की लॉन झालं तर मंडळीचं भलं होईल.

नाटक कोणतं करायचं यावर पोरांनी लगेच सांगितलं, नाताळ येऊन राहिला, मरिया आणि योसेफ घेऊ, दारोदार फिरतात, जागा मिळत नाही. आँटी म्हणाली, "नको. ते सगळ्याईले पाठ आहे. कुठं रडायचं तेही पाठ आहे. रडतीन, अन् बरं वाटन त्याईले."

मग ती सुमनमावशीकडे गेली. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय तिनं कधी नाटक बसवलं नाही. मावशी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "करा बाप्पा. पन मले रडताना नोका दाखवू. मी रडली नाही."

नाटक आँटीनंच सुचवलं. सुमनमावशी मी. लगद्याचा मुखवटा, मावशीचीच साडी, आणि मावशीचीच खरी भांडी. मावशी घर खाली करते आहे. एकेक भांडं उचलते, ठेवायला जागा नाही, म्हणून पाहणाऱ्यांतल्या कोणाच्या तरी हातात देते आणि म्हणते, "जरा धरता का, आलीच मी." बस, एवढंच वाक्य. सगळी भांडी वाटून झाली की मावशी रिकाम्या जागी चूल होती तिथं पाठ करून बसते. पुढं काही नाही.

"मंग संपलं कसं कळन लोकाईले?" मी विचारलं.

"नाही कळणार. भांडं हातात असन ना. टाळी कशी वाजवतीन?" आँटी हसली. वर्गात पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी. "ते भांडं कुठं ठेवायचं, हे त्याईले आता सांगावं लागन."

शनिवारी हॉल गच्च भरला. मी मावशी होऊन उठलो, एक हात कमरेवर, आधी श्वास थांबवून. मावशी तशीच उठायची. पहिलं पातेलं पुढच्या रांगेतल्या एका काकूंना दिलं तेव्हा लोक हसले. पाळकसाहेबांना पोळपाट दिला तेव्हा आणखी हसले. मागून कोणीतरी म्हणालंही, "लाटणं द्या, लाटणं." सेक्रेटरीसाहेबांच्या हातात लोखंडी कढई दिली. वर्षानुवर्षांची काजळी, आणि त्यांचा शर्ट पांढरा. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, पोटाशी. हळूहळू हसू कमी होत गेलं. डबे, झारा, चाळणी, पाण्याची घागर, सगळं वाटून झालं. मी पाठ करून बसलो.

हॉलमध्ये चिडीचूप. माझ्या पाठीला कळत होतं की सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मुखवट्याच्या आत मेथीचा वास आणि माझाच श्वास. किती वेळ गेला काय माहीत. मला खरंच वाटलं, आता कोणीतरी बोलणार. हे कुठं ठेवू, म्हणणार.

पुढचं मला पाहायला मिळालं नाही, नुसतं ऐकू आलं. एक जड वस्तू अगदी सांभाळून फरशीवर ठेवल्याचा आवाज. मग दुसरी. मग सगळीकडून, खण्ण, ठक, खळ्ळ, जेवणानंतर भांडी घासायला टाकतात तसा आवाज. आणि मग टाळ्या. मी वळलो तर सेक्रेटरीसाहेब उभे राहून वाजवत होते. कढई त्यांच्या खुर्चीखाली, शर्टावर काजळीचा पट्टा, डोळ्यांत खरं पाणी. त्यांचं पाहून सगळे उठले. एवढ्या टाळ्या मला त्याआधी कधी पडल्या नव्हत्या, आणि पहिल्यांदाच असं वाटलं की साडीसकट खिडकीतून उडी मारावी.

आँटी दाराजवळ उभी होती. तिचा हात वर आला, छातीपर्यंत. तिथंच राहिला.

"मॅडम, रडवलं पोरांनी," सेक्रेटरीसाहेब तिच्याजवळ येऊन म्हणाले. "असंच चालू राहू द्या." तेवढ्यात सुमनमावशी खुर्च्यांमधून वाकून वाकून भांडी गोळा करत आली. "साहेब, पाय घ्या जरा. कढई पाहिजे, भाजी टाकाची हाय." मंडळी जेवून जाणार होती.

रविवारी ठराव आला. आम्ही बाहेरगावचे, आम्हाला मत नव्हतं. आम्ही मागे भिंतीला टेकून उभे. मत घेण्याआधी आँटी उठली. कमिटीशी बोलताना ती एकदम शुद्ध बोलायची. "सुमनबाई कुठे जातील?"

"त्याचा विचार झाला आहे, मॅडम."

"काय विचार झाला आहे?"

सेक्रेटरीसाहेबांनी ठरावाचा कागद सरळ केला. "आपण त्यांना प्रार्थनेत ठेवलं आहे."

कोणी हसलं नाही. कोणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलंही नाही. कालच्या नाटकाचा उल्लेख झाला, पोरांचं कौतुक झालं, मागच्या लाइनीतल्या कुटुंबांसाठी डोळे मिटून प्रार्थना झाली, आणि ठराव पास झाला. आँटी विरोधात उभी राहिली. तिच्याबरोबर म्हातारा माळी उभा राहिला, त्याचं घर जात होतं म्हणून. आणखी एक बाई अर्धवट उठली आणि नवऱ्याकडे पाहून बसली.

नाताळाआधी सामान न्यायला आम्ही पोरं परत आलो. सुमनमावशीला कन्हानला तिच्या भावाच्या ओळखीनं एक भाड्याची खोली मिळाली होती. छोट्या हत्ती टेम्पोत सगळं मावलं, ती एवढ्या वर्षांची गृहस्थी. आँटी पुढं ड्रायव्हरजवळ बसली, मांडीवर पाट्यावरचा वरवंटा घेऊन, कारण तो मागं गडगडत होता. कन्हानपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ड्रायव्हर मला उतरल्यावर म्हणाला, "बुढी नाराज आहे का?" मी म्हणालो, नाही, ड्रॉइंग टीचर आहे.

त्यानंतर आँटीनं शिबिर सोडलं. शिबिर चालू राहिलं, आता स्टेजवर धूर सोडतात, बँड असतो, छान असतं म्हणतात. लॉन झालं तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी मला फोन केला. म्हणाले, उद्घाटनाला ते भांड्यांचं नाटक ठेवू, सामाजिक विषय आहे, लोकांना आवडेल. मी फोन कानाला लावून आँटीच्या आवाजात म्हणालो, "बस खाली." पलीकडून लगेच आलं, "सॉरी मॅडम." आणि फोन कट झाला. हे मी आँटीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले.

मी हिंगण्याला कंपनीत लागलो. शिफ्टमधून वेळ मिळाला की तिच्याकडे जायचो. तिची मागची खिडकी आता लॉनवर उघडायची. लग्नसराईत डीजे लागला की कपातला चहा थरथरायचा. अशाच एका संध्याकाळी, वरात गेटाशी नाचत असताना, ती म्हणाली, "माही चूक झाली गा. मी भांडी दिली. भांडी खाली ठेवता येतात."

"मंग काय द्यायला पाहिजे होतं, आँटी?"

आम्ही काहीही विचारलं तर तिच्याजवळ उत्तर तयार असायचं, जरा जास्तच तयार असायचं. त्या दिवशी तिनं खिडकीतून त्या लाइटिंगकडे पाहिलं, उतरलेला खांदा आणखी उतरला, आणि म्हणाली, "मले माहीत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. उन्हानं आजारी पडली आणि उठलीच नाही. सेक्रेटरीसाहेबांनी खांदा दिला, पोरासारखे रडले. सुमनमावशी कन्हानहून बसनं आली होती. माती देऊन झाल्यावर आम्ही दोघं कब्रस्तानाच्या गेटाजवळ रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. मावशी थकलेली दिसत होती.

"काढ ना गा तिचा आवाज," ती म्हणाली. "एक डाव."

मी उजवा खांदा खाली घेतला. "थांब गा, हे वाचू दे," म्हणालो. मावशी हसली. पदर तोंडाला लावून हसली. मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "घरमालक खोली खाली कर म्हणून राहिला. पोराचं लग्न हाय त्याच्या. इचार तिले, आता कुठं जाऊ मी?"

ती थट्टेत बोलत नव्हती. माझ्याकडे पाहतही नव्हती, त्या खांद्याकडे पाहत होती.

मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो आँटीचाच निघाला. "मले माहीत नाही."

सुमनमावशीनं मान हलवली. "हो. अस्संच म्हटलं असतं तिनं." आणि कमरेवर हात ठेवून, आधी श्वास थांबवून, ती कन्हानच्या बससाठी उठली.